वाघूर, फांदा आणि करंट

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 या कायद्यात ‘हत्यार’ कशाला म्हणावे याची व्याख्या आहे. बंदूक, दारूगोळा, धनुष्यबाण, सुरा, विष आणि सापळा यांच्या पंगतीला तिथे जाळेही बसवले आहे. ‘शिकार’ या शब्दाची व्याख्याही तितकीच ऐसपैस आहे. प्राणी मारणे, पकडणे, हाकणे, फासात अडकवणे हे सारे तिच्यात येते आणि यातल्या कशाचाही नुसता प्रयत्नसुद्धा येतो. म्हणजे बांधावर जाळे लावून एखादा माणूस रात्रभर बसला आणि पहाटे रिकाम्या हाताने घरी आला, तरी कायद्याच्या दृष्टीने त्याने शिकार केलेली असते. अभयारण्यात तर हत्यार घेऊन परवानगीशिवाय पाऊल टाकणेच गुन्हा आहे, आणि ते हत्यार म्हणजे खांद्यावरची दोराची गुंडाळी असू शकते.

ही गुंडाळी छत्तीसगडातल्या रायपूरच्या आसपास एके काळी किती सर्रास असेल, याचा अंदाज जुन्या रायपूर जिल्ह्याच्या नकाशावरून येतो. 1998 मध्ये धमतरी आणि महासमुंद वेगळे झाले, 2012 मध्ये गरियाबंद आणि बलौदाबाजार. त्याआधीचा रायपूर जिल्हा महानदीच्या भातखाचरांपासून थेट ओडिशाच्या सीमेवरच्या उदंतीच्या रानापर्यंत पसरलेला होता. बारनवापाराचे अभयारण्य (1976) त्याच्याच हद्दीत होते. बिंद्रानवागडच्या डोंगरात कमार आणि भुंजिया, मैदानात गोंड, गावांच्या कडेकडेने पारधी आणि बहेलिया. उत्तरेला रायगड, जशपूर, कोरबा या भागांत बिरहोर. शिकारीचे साधन प्रत्येकाचे वेगळे. कमारांची ओळख धनुष्यबाणाची आणि बांबूकामाची, पारध्यांची फांद्याची म्हणजे फासांच्या ओळीची, बिरहोरांची जाळ्याची.

आणि या सगळ्यांच्या वाटेवर येणारा एक प्राणी समान होता, तो म्हणजे ससा. छत्तीसगढीत त्याला लमहा किंवा खरहा म्हणतात, गोंडीत मलोल. भारतात मोकळ्या रानात दिसणारा हा काळ्या मानेचा ससा बिळात राहणारा नव्हे, हे आधी नीट समजून घेतले पाहिजे, कारण जाळ्याचे सारे गणित त्यावरच बसते. युरोपातला पाळीव सशांचा पूर्वज जमिनीखाली बिळांची वसाहत करून राहतो. आपला ससा गवतात अंगापुरता खळगा करून दिवसभर त्यात दबून बसतो. सांजावले की बाहेर पडतो, रात्रभर चरतो आणि उजाडायच्या आत परततो. भात निघाल्यावर खाचरात राहिलेल्या ओलीवर लाखोळी आणि हरभरा उगवतो, तेव्हा हा पाहुणा ठरलेल्या वाटेने शेतात येतो. गवतातली त्याची वाट जाणकाराला सहज दिसते. कुंपणाखालची एकच फट तो रोज वापरतो. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे मागचे-बाजूचे त्याला उत्तम दिसते, मात्र ऐन नाकासमोरचे फारसे दिसत नाही. हाकाट्या मागून आल्या की त्याचे सारे लक्ष मागे असते. लांब जाळ्याचा शोध ज्याने कोणी लावला, त्याने बहुधा हेच पाहून लावला असावा.

हा शोध फार जुना आहे. चेक प्रजासत्ताकातल्या डोल्नी वेस्टोनिस आणि पावलोव्ह या वसाहतींत सुमारे 27,000 वर्षांपूर्वीच्या भाजलेल्या मातीवर विणकामाचे आणि गाठींचे ठसे सापडले. ओल्गा सॉफर आणि जेम्स अडोव्हासिओ या संशोधकांनी त्यावरून मांडले, की हिमयुगातली माणसे जाळी विणत होती आणि तिथल्या ढिगांतली ससे-कोल्ह्यांची हाडे त्या जाळ्यांचीच साक्ष असावीत. अमेरिकेत वायोमिंगच्या डोंगरात जुनिपरच्या सालीचे 8,000 वर्षांहून जुने जाळे मिळाले. न्यू मेक्सिकोतल्या एका गुहेत तर माणसाच्या केसांपासून विणलेले दीडशे फुटांचे जाळे निघाले. भाल्याने रेडा मारणाऱ्या वीराचे चित्र आपल्या डोक्यात पक्के बसले आहे. पोट भरायचा रोजचा मार्ग मात्र बराच कमी नाट्यमय असावा. एकत्र जमायचे, जाळे लावायचे, आरडाओरडा करायचा आणि बायका-पोरांसह मिळून ससे धरायचे.

लिखित वर्णन पाहायचे तर ग्रीसकडे जावे लागते. इ. स. पूर्व चौथ्या शतकातला झेनोफन हा सॉक्रेटिसाचा शिष्य. त्याने शिकारीवर लिहिलेल्या पुस्तकाचा मोठा भाग सशावर आणि जाळ्यावर खर्ची घातला आहे. त्याच्याकडे तीन प्रकारची जाळी आहेत. वाटेच्या तोंडाशी लावायचे थैलीसारखे, आडवाटेवर लावायचे आणि मोकळ्या मैदानात पसरायचे लांब. लांब जाळे दहा, वीस किंवा तीस वाव. दोर तागासारख्या उत्तम वाखाचा, थैलीला नऊ पदरी, आडवाटेला बारा आणि लांब जाळ्याला सोळा. काठ्या कशा रोवायच्या, जाळे राखणाऱ्याने कुठे आणि किती गप्प बसायचे, हेही तो सांगतो. आपल्याकडे कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ रचला. त्यात मृगयेच्या करमणुकीवर स्वतंत्र प्रकरण आहे. पण तिथे बोलतो तो राजा. त्याच्यासाठी जाळे विणणारा आणि ते खांद्यावरून वाहणारा माणूस ग्रंथात बोलत नाही.

लांब जाळ्याची रचना वरवर पाहता अगदी साधी आहे. वरून एक दोर, खालून एक दोर, मध्ये जाळे. ते लावताना ताणून बसवले तर वाया गेले, कारण धावत आलेला ससा ताठ जाळ्यावर आपटून उलटा फिरतो. म्हणून जाळ्यात झोळ ठेवतात. इंग्लंडात शंभर यार्ड दोरावर दीडशे यार्डांचे जाळे बसवायची रीत होती. ते जास्तीचे पन्नास यार्ड हीच खरी कारागिरी. ससा आत घुसतो, जाळे त्याच्याभोवती पिशवीसारखे आवळते आणि तो जितका झटापट करील तितका गुरफटतो. काठ्या गुडघ्याच्या वर, कमरेच्या खाली. जाळे उभे राहील इतपतच रोवलेल्या. त्या खूप पक्क्या असल्या तर धक्का जाळ्याऐवजी काठीवर जातो. खालचा काठ जमिनीला टेकून थोडा आतल्या बाजूला वळवलेला, नाहीतर ससा खालून निसटतो. वारा सशाकडून जाळ्याकडे वाहणारा हवा. उलटा असला तर माणसाचा वास आधी पोचतो आणि मग जाळ्यापर्यंत कोणी येतच नाही.

इंग्लंडातले जाळे काळोख्या, वाऱ्याच्या रात्री लावले जाई. ससे चरायला शेतात आलेले असत. त्यांचे बीळ आणि शेत यांच्या मध्ये दोन माणसे गुपचूप जाळे पसरत आणि मग पलीकडून त्यांना उठवत. बिळाकडे धावणारा ससा मध्येच अडके. ही चोरट्यांची खास विद्या होती. 1828 मध्ये रात्रीच्या चोरट्या शिकारीविरुद्ध तिथे वेगळा कायदाच करावा लागला, आणि 1880 च्या कायद्याने कूळ शेतकऱ्याला आपल्या शेतातले ससे मारायचा हक्क मिळाला. 1953 मध्ये मिक्सोमॅटोसिसची साथ आली, सशांची संख्या कोसळली, आणि जाळे बनवणाऱ्यांचे कामही त्यासोबत ओसरले.

भारतात हा डाव चालत नाही. आपल्या सशाला धावत जाऊन शिरायला बीळ नाही, त्यामुळे तो कुठे पळेल हे घराच्या दिशेवरून ओळखता येत नाही. ओळखावे लागते ते त्याच्या वाटांवरून, उतारावरून, झुडपांच्या रांगेवरून. सशाचे मागचे पाय लांब असतात, म्हणून तो चढावर सुसाट जातो आणि उतारावर अडखळतो. साहजिकच दोन माणसांच्या गुपचूप कामाऐवजी इथे सगळ्या टोळीची हाक लागते. एक बाजू जाळ्याची, तीन बाजू माणसांच्या.

या पद्धतीचे भारतातले सर्वांत पक्के उदाहरण बिरहोरांचे आहे. रांचीचे वकील आणि मानववंशशास्त्रज्ञ शरच्चंद्र रॉय यांनी 1925 मध्ये त्यांच्यावर इंग्रजीत पुस्तक लिहिले. त्यांचे बिरहोर छोटा नागपूरचे. त्यांच्यातले काही भटके, त्यांना उथलू म्हणत, आणि काही एका जागी स्थिरावलेले जघी. झाडपाल्याच्या घुमटीवजा झोपड्यांचा त्यांचा टांडा असतो. मुख्य धंदा दोरखंडाचा. माहुल नावाची जाडजूड वेल रानात झाडांवर चढलेली असते. छत्तीसगडमध्ये तिला मोहलाइन म्हणतात आणि तिच्या पानांच्या पत्रावळी लावतात. तिची साल काढून, कुटून, तिचा वाख वळून बिरहोर दोर करतात. दोर बाजारात विकायचा, आणि त्याच दोराची जाळी विणून माकडे आणि ससे धरायचे. म्हणजे विक्रीचा माल आणि शिकारीचे साधन एकाच वेलीतून येत होते. अशी घट्ट बांधलेली अर्थव्यवस्था क्वचितच आढळते.

जाळे घरटी एकेकाचे, पण ते लावायचे एकत्र. प्रत्येकाने आपापले आणायचे, टोकाला टोक जोडून सलग भिंत करायची. मग काही जण जाळ्याआड दबून बसणार, बाकीचे अर्धवर्तुळ करून रान हाकत आणणार. निघण्यापूर्वी चंडीला तांदळाचा नैवेद्य. 1974 मध्ये बी. जे. विल्यम्स या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञाने हजारीबागच्या बिरहोरांवरून भटक्या टोळीचे एक गणिती प्रारूपच मांडले. एका टोळीत माणसे किती असावीत, दोन टोळ्यांच्या हद्दी कशा ठरतात, असले प्रश्न त्याला पडले होते. त्यांच्या मुळाशी एक व्यवहारी बाब आहे. चार माणसांच्या चार जाळ्यांनी माकडांचा कळप वेढता येत नाही आणि चाळीस माणसांना पुरेल इतके ससे एका टेकडीवर नसतात.

हीच गोष्ट आफ्रिकेत, काँगोतल्या इतुरीच्या जंगलातही दिसते. कॉलिन टर्नबुलने 1961 मध्ये ज्या म्बुती लोकांवर लिहिले, त्यांच्यात प्रत्येक संसारी पुरुषाचे स्वतःचे जाळे असते, कुसा नावाच्या वेलीच्या सालीचे. ती जोडून अर्धवर्तुळ करतात आणि जनावर हाकण्याचे काम बायका करतात. ज्याच्या जाळ्यात पडले त्याचे जनावर, पण तळावर पोचेपर्यंत त्याचे वाटे होऊन जातात. जाळे खाजगी, रान सगळ्यांचे, आणि मांस कुठेतरी त्या दोहोंच्या मधले. शिकारीवरच्या पुस्तकांत तीर मारणाऱ्या पुरुषांनाच मान मिळतो. हाका घालणाऱ्या बायकांची नोंद करायला अभ्यासकांना फार वेळ लागला. श्यामाचरण दुबे यांनी बिंद्रानवागडच्या कमारांवर 1951 मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांच्या पत्नी लीला दुबे या मराठी घरातल्या, गायिका सुमती मुटाटकर यांच्या धाकट्या भगिनी. लीलाताईंनी छत्तीसगडातल्या गोंड स्त्रियांचा अभ्यास केला आणि पुढे स्त्रीच्या श्रमाला मानववंशशास्त्रात जागा मिळवून देणाऱ्यांत त्या आघाडीवर राहिल्या. जाळ्याच्या शिकारीची गोष्टही त्या अंगाने पुन्हा लिहायला हवी.

पारध्यांचा फांदा हा लांब जाळ्याचा चुलतभाऊ. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांच्या जातीजमातींवरच्या 1916 च्या चार खंडांत मध्य प्रांतातल्या पारध्यांचे पोटभेद दिले आहेत. फासे लावणारे फासेपारधी, चित्ता पाळून हरिण धरणारे चितेवाले, बैलाच्या आडोशाने सावजाच्या जवळ जाणारे गायके, जात्याला टाकी लावणारे टाकणकर. फासेपारध्याचे साधन म्हणजे एका दोराला ओळीने बांधलेले फास, खुंट्यांनी जमिनीत रोवलेले. मोठ्या जनावरासाठी जाड, तित्तर-लाव्यासाठी बांबूच्या कामट्यांवर बारीक. सलग जाळ्याच्या मानाने फासांची ओळ हलकी, एकट्याने वाहण्याजोगी, गवतात न दिसणारी. पाखरे गाईच्या आडून हळूहळू त्या ओळीकडे सरकवत न्यायची. घाई केली तर सगळा थवा उडतो. ही धीम्या गतीने हाकण्याची कला बिरहोरांच्या गलक्याच्या अगदी उलट आहे.

महाराष्ट्रात या विषयाचे सर्वांत नेटके काम कैलाश मल्होत्रा, माधव गाडगीळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. नंदीवाले, वैदू आणि फासेपारधी या तीन भटक्या जमातींच्या शिकारीची त्यांनी तुलना केली. तिघे एकाच माळावर फिरतात, पण एकमेकांच्या ताटात हात घालत नाहीत. नंदीवाले कुत्र्यांच्या जोरावर डुक्कर आणि घोरपडीमागे. वैदू मुंगूस, मांजर, उदमांजर यांच्यामागे आणि पाण्यातल्या कासव-खेकड्यांमागे. फासेपारधी हरिण आणि पाखरांमागे. साधन वेगळे, म्हणून सावज वेगळे, म्हणून भांडण कमी. काळविटाची पाडसे आणि गाभण माद्या फासातून सोडून द्यायचा फासेपारध्यांचा जुना रिवाज होता, असेही गाडगिळांनी नोंदवले आहे. फास किंवा जाळे जनावर जिवंत धरते, म्हणून हा रिवाज शक्य होतो. बंदुकीची गोळी परत घेता येत नाही.

मराठी माणसाला ‘वाघूर’, म्हणजे शिकारीचे जाळे, अजून दिसते, पण निराळ्या कामाला लागलेली. धनगरांचा तळ शेतात पडतो तेव्हा रात्री मेंढ्यांभोवती दोराच्या जाळीचा जो वाडा उभा करतात, तो वाघरेचा. काठ्या, वरचा दोर, खालचा दोर, मोठी घरे. रचना सशाच्या जाळ्याचीच, फक्त आत येणाऱ्याऐवजी बाहेर जाणाऱ्याला अडवणारी. पुणे-सोलापूरच्या माळावर अशी वाघूर पाहिलेल्या माणसाला बिरहोरांचे जाळे समजावून सांगावे लागत नाही. दक्षिणेला चित्रदुर्ग जिल्ह्यातल्या काही गावांत संक्रांतीला ससा जिवंत धरून, त्याची पूजा करून त्याला पुन्हा रानात सोडायची प्रथा आहे. जाळ्याचा असाही एक शेवट असू शकतो.

कायद्याचा इतिहास मात्र सरळ रेषेत एकाच बाजूला गेला आहे. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने पारध्यांसारख्या शिकारी जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो कायदा 1952 मध्ये रद्द झाला, शिक्का तितक्या लवकर पुसला गेला नाही. 1972 चा वन्यजीव कायदा आला तेव्हा त्यात परवान्याने शिकार करायची सोय होती. ससा चौथ्या परिशिष्टात, लहान शिकारीच्या यादीत होता. जिवंत जनावर पकडण्याचा वेगळा परवानाही त्यात होता. 1991 च्या दुरुस्तीने हे परवाने गेले आणि शिकार सरसकट बंद झाली. 2022 च्या दुरुस्तीने सहा परिशिष्टांची चार केली आणि ससा दुसऱ्यात गेला. आज ससा मारल्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. 2006 च्या वनहक्क कायद्याने आदिवासींचे बहुतेक पारंपरिक हक्क मान्य केले, पण त्यातल्याच एका पोटकलमाने शिकार, फास आणि सापळा लावण्याचा हक्क नेमका वगळला. 2023 मध्ये धमतरीच्या मगरलोड भागातल्या कमारांना त्यांच्या अधिवासाचा हक्क मिळाला. डोंगर, नाले, देवस्थाने, कंदमुळे सगळे त्यात आले, शिकार नाही. देशात याला ठळक अपवाद एकच. निकोबारच्या अनुसूचित जमातींचे शिकारीचे हक्क मूळ कायद्यानेच राखून ठेवले आहेत.

पारध्यांच्या बाबतीत रायपूरचा नकाशा आणखी एक गंमत करतो, अर्थात ज्याला भोगावी लागते त्याच्यासाठी ती गंमत नव्हे. छत्तीसगडच्या अनुसूचित जमातींच्या यादीत पारधी आहेत, पण काही भागांपुरतेच. रायपूर जिल्ह्याच्या नावाखाली त्यात बिंद्रानवागड, राजिम आणि देवभोग या तीनच तहसिली आहेत. राजिमचा पारधी आदिवासी, आणि रायपूर शहराच्या कडेला पाल ठोकलेला त्याचा सख्खा भाऊ यादीबाहेर. भटक्या माणसाला तहसिलीच्या हद्दीत बसवण्याचा हा प्रकार कोणत्या तर्काने टिकला आहे, हे यादी करणारेच जाणोत.

जाळे गेले, म्हणून शिकार थांबली का? बिलकूल नाही. छत्तीसगड आणि विदर्भाच्या रानांत आज वनरक्षकांची झोप उडवणारी गोष्ट म्हणजे करंट. अकरा हजार व्होल्टच्या वाहिनीवर आकडा टाकायचा, उघडी तार खुंट्यांवरून रानवाटेने दूरवर न्यायची आणि घरी जाऊन निजायचे. डुकरासाठी लावलेल्या तारेवर हरिण मरते, बिबट्या मरतो, हत्ती मरतो, आणि पहाटे मोहफुले वेचायला निघालेला माणूसही मरतो. दुसरे साधन मोटरसायकलच्या क्लच वायरचा फास. तो तुटत नाही, कुजत नाही, आणि लावणारा विसरला तरी वर्षभर काम करत राहतो. तिसरे, मासेमारीची नायलॉनची बारीक जाळी. तिच्यात सशाआधी साप, मोर अडकतात. उदंती-सीतानदी व्याघ्र प्रकल्पात शिकारविरोधी पथके गस्तीत अशीच हत्यारे जप्त करत असतात.

या तिघांत एक समान सूत्र आहे. तिघांनाही माणूस लागत नाही. माहुलीच्या दोराचे जाळे विणायला हात आणि वेळ लागे, लावायला शेजारी लागत, हाकायला गाव लागे, आणि जाळ्यापाशी कोणीतरी बसलेले असल्याखेरीज ते काही कामाचे नव्हते. ससा पडला की तिथेच त्याचा निर्णय होई. गाव न जमल्यास शिकार होत नसे. साधनातच मर्यादा होती. करंटवाला एकटा असतो, रात्रीचा असतो, आणि त्याच्या तारेवर काय पडले हे त्याला सकाळीच कळते. कायद्याने मात्र दोघांना एकाच व्याख्येत घातले. ते कायद्यापुरते बरोबर असेल, पण रान समजून घ्यायला ते अपुरे आहे.

याचा अर्थ जुने ते सारे सोने, असाही नव्हे. बिरहोर, म्बुती, पारधी यांची शिकार टिकली ती रान मोठे आणि माणसे थोडी होती म्हणून. छत्तीसगडमधल्या बिरहोरांची संख्या 2011 च्या जनगणनेत जेमतेम तीन हजारांच्या घरात होती. त्यांच्या जाळ्यांनी ससे संपले नसते. पण तेच जाळे बाजारासाठी लावले गेले तर? बंगालच्या जंगलमहालात वसंतातल्या सामूहिक शिकारीला हजारो लोक जमत. 2018 मध्ये लालगडच्या रानात आलेला वाघ त्याच दिवसांत मारला गेला, आणि मग या शिकारी रोखण्यासाठी कलकत्ता उच्च न्यायालयाला हस्तक्षेप करावा लागला. रीत जुनी म्हणून आजच्या तुटपुंज्या रानाला ती झेपते असे नाही. शिकार बंदच राहावी, याबद्दल फार वाद घालायला जागा नाही.

वाद आहे तो कसबाचे काय करायचे याबद्दल. युरोपात लांब जाळे मरून गेले नाही, त्याचे काम बदलले. हंगेरीत विसाव्या शतकात माळरानावर लांबच लांब जाळी लावून, शेकडो माणसांनी हाका घालून ससे जिवंत धरत आणि इटली-फ्रान्समधल्या ओस पडलेल्या रानांत सोडण्यासाठी ते पेट्यांतून पाठवत. आयर्लंडमध्ये सरकारी परवान्याने जाळ्यात ससे धरतात. तिथले कारण कुत्र्यांच्या शर्यती हे आहे, आणि त्यावर तिथे मोठा वाद आहे, पण हाकणे, धरणे, बिल्ला लावणे आणि सोडणे हे तंत्र तेच. जिवंत जनावर इजा न करता धरण्याची गरज आपल्याकडेही वाढते आहे. शेतात घुसणारी काळविटे दुसरीकडे हलवायची असोत किंवा बारनवापारासारख्या ठिकाणी काळविटांची वस्ती पुन्हा बसवायची असो, पकडणाऱ्याला जनावर कुठून वळेल आणि कुठे बिथरेल हे कळावे लागते.

पारध्यांच्या बाबतीत सुरुवात झाली आहे. 2009 मध्ये पन्नाच्या व्याघ्र प्रकल्पात एकही वाघ उरला नव्हता, आणि बोटे पारध्यांकडे गेली. पुढे तिथेच पारध्यांच्या मुलांसाठी वसतिगृहे निघाली आणि ‘वॉक विथ द पारधीज’ या उपक्रमात पारधी तरुण पर्यटकांना माग, आवाज, पाऊलखुणा दाखवू लागले. अकोला जिल्ह्यात वडाळ्याच्या फासेपारध्यांनी ‘संवेदना’ या संस्थेबरोबर गवताळ माळ राखला. तणमोरासारखा दुर्मीळ पक्षी कुठे उतरतो हे सांगणारी माणसे तीच, ज्यांचे आजोबा त्याला फासात धरत. अमरावती जिल्ह्यात मंगरूळ चव्हाळ्याची ‘प्रश्नचिन्ह’ शाळा मतीन भोसले यांनी पारध्यांच्या मुलांसाठी काढली. हेमलकशाला प्रकाश आमट्यांकडे जनावरांचे अनाथालय सुरू झाले तेही शिकाऱ्यांशी झालेल्या बोलण्यातून. आई मारली गेलेले माकडाचे पिल्लू त्यांनी मागून घेतले आणि मग आदिवासी आपणहून पिल्ले आणून देऊ लागले. मारुती चितमपल्लींच्या पुस्तकांत रानातल्या वस्तूंना जी नावे मिळाली, त्यांतली कितीतरी पारधी-गोंडांच्या तोंडची आहेत.

बिरहोरांकडे मात्र अजून कोणी जाळ्यासाठी गेल्याचे ऐकिवात नाही. जशपूरचे जागेश्वर यादव यांना बिरहोर आणि पहाडी कोरवांसाठी केलेल्या कामाबद्दल 2024 मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांचा भर शाळा, आरोग्य आणि कागदपत्रांवर राहिला, आणि तो योग्यच होता. झारखंडमधले बिरहोर आता सिमेंटच्या रिकाम्या प्लास्टिक पोत्यांचे धागे वळून दोर करतात. माहुलीपासून वाख काढून, त्याचा दोर वळून, त्यातून पुरे जाळे विणायचे काम पाहिलेली माणसे आज म्हातारी आहेत.

रायपुरात 1875 मध्ये स्थापन झालेले महंत घासीदास स्मारक संग्रहालय आहे. नवा रायपूरला 2025 मध्ये नवे आदिवासी संग्रहालय उघडले. काचेच्या कपाटात जाळ्याचा एक तुकडा टांगल्याने काही समजत नाही, कारण जाळे म्हणजे झोळ, जोड, उंची आणि मांडणी. रायगड-जशपूरच्या जाणत्या बिरहोरांना आणि राजिम-देवभोगच्या पारध्यांना योग्य मेहनताना देऊन या संग्रहालयांनी एक पूर्ण जाळे आणि फांद्यांची एक पूर्ण ओळ करून घ्यावी. वेल तोडण्यापासून शेवटच्या खुंटीपर्यंत त्याचे चित्रीकरण करावे. संग्रहालयाच्या मोकळ्या आवारात ते उभारून दाखवावे, आणि दाखवणारा माणूस त्याच जमातीचा, पगारी असावा. ससा नसलेल्या अंगणात जाळे लावणे ही शिकार नव्हे. त्यासाठी कायद्यात एका अक्षराचाही बदल करावा लागत नाही.